सणाच्या ताटातली कटाची आमटी : डाळीच्या आधणापासून तवंगापर्यंत

पुरणपोळीच्या दिवशी घरातलं सगळं लक्ष पोळीकडे असतं. पुरण सैल झालं का, कणीक तिंबली का, पोळी फुटली का. आमटी शेवटी, उरलेल्या वेळात, उरलेल्या पाण्याची होते, आणि मग कुठे पांचट तर कुठे पिठूळ लागते. दोष बहुतेकदा मसाल्याला दिला जातो. खरं तर कटाची आमटी बिघडते ती दोन तास आधी, डाळ शिजत असताना. डाळ किती पाण्यात शिजली, किती शिजली आणि ते पाणी कसं गाळलं, यावर आमटीची अर्धी चव ठरून गेलेली असते. म्हणून या लेखात मसाल्याआधी कटावरच जास्त वेळ घालवला आहे.

कट म्हणजे पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं गाळून काढलेलं पाणी. सातारा-कोल्हापूर-सोलापूरकडे याला येळवणी म्हणतात आणि आमटीला येळवणीची आमटी. सीमेपलीकडे कर्नाटकात हीच कट्टिन सारु किंवा होळिगे सारु. मिसळीवर ओततात तो कट वेगळा, तो तर्रीदार रस्सा. नाव एक असलं तरी त्याचा डाळीच्या पाण्याशी संबंध नाही.

आणखी एक अडचण फक्त सणाच्याच दिवशी येते. नैवेद्य दाखवेपर्यंत आमटी चाखायची नाही. रोजच्या स्वयंपाकात बोट लावून मीठ-गूळ सावरता येतं, इथे ती सोय नाही. अंदाज पक्का नसेल तर त्या दिवशी वजनकाटा आणि चमचे बाहेर काढलेले बरे. खालची मापं अर्धा किलो डाळीची आहेत : वीसेक मध्यम पोळ्या आणि आठ जणांना पोटभर, साधारण दीड लिटरच्या वर आमटी. वाटी २०० मिलिलिटरची, चमचा म्हटलं की चहाचा, आणि सपाट.

डाळ आणि पाणी

५०० ग्रॅम हरभरा डाळ म्हणजे जेमतेम तीन वाट्या. डाळ यंदाची असेल तर उत्तम. जुनी डाळ शिजायला वेळ घेते आणि मधला गर कच्चा राहतो. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवून दीड-दोन तास भिजवा. भिजवलेलं पाणी टाकून द्या, त्याला कच्चा उग्र वास असतो आणि तोच पुढे आमटीत उतरतो.

बोअरचं जड पाणी असेल तर डाळ लवकर शिजत नाही. त्या पाण्यातला चुना डाळीचा गर घट्ट धरून ठेवतो. अशा गावात सोड्याची चिमूट टाकायची सवय असते. पुरणापुरती ती चालून जाते, पण कट मात्र बुळबुळीत होतो आणि त्याला साबणासारखी चव येते, जी गोडा मसालाही झाकू शकत नाही. सोड्याऐवजी त्या दिवशी डाळीला प्यायचं, गाळलेलं पाणी वापरा. चिंच, आमसूल, टोमॅटो यांपैकी काहीही डाळ शिजताना टाकायचं नाही. आंबटात डाळ मऊ होत नाही, कितीही शिट्ट्या करा.

पातेल्यात शिजवायची असेल तर सव्वादोन लिटर पाण्याला आधण येऊ द्या, मग डाळ, पाव चमचा हळद आणि एक चमचा तेल. पहिल्या दहा मिनिटांत जो करडा फेस वर येतो तो झाऱ्याने काढून टाका. नंतरचा पांढरा फेस राहिला तरी बिघडत नाही. मंद आचेवर पाऊण ते एक तास लागतो.

कुकरमध्ये घाई होते म्हणून तिथे गडबडही जास्त होते. डाळीसाठी कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही, फेस शिट्टीत अडकतो आणि कट ओट्यावर जातो. पाच लिटरच्या कुकरात भिजलेली डाळ आणि दीड लिटर पाणी, एवढीच मर्यादा. तेल इथे विसरू नका, त्याने फेस बसतो. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग आच अगदी बारीक करून १२ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. झाकण काढल्यावर अर्धा लिटर उकळतं पाणी घाला, हलक्या हाताने ढवळा आणि पाच मिनिटं उघडंच उकळा. हे मागून घातलेलं पाणी डाळीच्या अंगावरचा पिठूळपणा सोडवून घेतं. कुकरातून थेट गाळलेला कट पुष्कळदा वरून पातळ असतो आणि दाटपणा सगळा डाळीलाच चिकटून राहतो, त्यावर हा उपाय.

डाळ शिजली हे कसं ओळखायचं? दाणा दोन बोटांत दाबला की विनासायास पीठ व्हावं, पण पातेल्यात मात्र तो दाण्यासारखाच दिसावा. दाणा अख्खा आणि मध्ये टणक असेल तर कट म्हणजे नुसतं पिवळं पाणी. दाणा विरघळून गेला असेल तर कट पिठल्यासारखा, आणि पुरणही सैल.

कट गाळणे

मोठ्या भोकांच्या चाळणीत डाळ ओता, खाली खोल पातेलं. गाळायच्या आधी तळापासून एकदा ढवळा, कारण साका खाली बसलेला असतो. चाळणीत डाळ दाबायची नाही. पंधरा-वीस मिनिटं स्वतःहून निथळू द्या, मधे एकदा पातेलं हलवा. दाबली तर डाळ कटात येते, पुरण कोरडं आणि आमटी जड होते. निथळली नाही तर पुरण आटवताना अर्धा तास जास्त ढवळावं लागतं.

हाती सव्वा लिटरच्या आसपास कट यायला हवा. तो ताकापेक्षा थोडा दाट, मलईसर पिवळा, पळीच्या पाठीवर पातळ थर धरणारा असावा. कमी आला तर चाळणीतल्या डाळीवरून एक वाटी उकळतं पाणी फिरवा. खूपच पातळ दिसला तर निथळलेल्या डाळीतली अर्धी वाटी बाजूला काढून ठेवा, ती पुढे वाटणात जाईल.

होळीच्या सुमारास ऊन तापू लागलेलं असतं. कट झाकून ओट्यावर ठेवला तर चार-पाच तासांत आंबूस होतो. सकाळी डाळ शिजवून संध्याकाळी आमटी करायची असेल तर कट निवला की फ्रिजमध्ये जाऊ द्या. वापरण्याआधी वास घ्या. आंबलेल्या कटाला इलाज नाही.

वाटण, दोन रीतींचं

नैवेद्याची आमटी बिनकांदालसणाची. तिला लागतं ते असं :

- सुक्या खोबऱ्याचा कीस ३० ग्रॅम, जिरे १ चमचा
- गोडा मसाला ३ चमचे, लाल तिखट दीड ते २ चमचे, हळद अर्धा चमचा
- चिंच २५ ग्रॅम, म्हणजे मध्यम लिंबाएवढा गोळा, अर्धी वाटी गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून कोळ काढलेली
- गूळ ३० ग्रॅम, मीठ अडीच चमचे (सुमारे १५ ग्रॅम)
- फोडणीला तेल ४ मोठे चमचे, मोहरी १ चमचा, मेथीदाणे सात-आठ, हिंग पाव चमचा, लवंगा ४, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, तमालपत्रं २, कढीलिंबाची १० पानं

खोबरं भाजणं हे यातलं खरं कसबाचं काम. कीस कोरड्या कढईत मंद आचेवर, हात न थांबवता. पहिली तीन-चार मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि मग अर्ध्या मिनिटात सोनेरीचं काळं होतं. बदामी रंग आला की लगेच ताटलीत काढा. गॅस बंद करून कढईतच ठेवलं तर तापलेली कढई भाजायचं काम पुढे चालूच ठेवते. त्याच कढईत जिरे नुसते गरम करा. दोन्ही मिक्सरमध्ये आधी कोरडं फिरवा, मग दोन-तीन चमचे कट घालून गंधासारखं बारीक वाटा. साधं पाणी घालू नका. कट समोर असताना पाण्याने वाटण सैल करायचं कारणच नाही. बाजूला ठेवलेली डाळ असेल तर ती इथेच टाका.

देशावरची येळवणीची आमटी याहून झणझणीत. तिथे २०० ग्रॅम कांदा, ५० ग्रॅम सुकं खोबरं, लसणाच्या १०-१२ पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, एक मोठा चमचा तीळ, एक चमचा खसखस, मूठभर कोथिंबीर, आणि गोड्या मसाल्याच्या व तिखटाच्या जागी कांदा-लसूण मसाला दोन ते तीन मोठे चमचे. या मसाल्यात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ दोन चमच्यांवर आणा. तेल ६ मोठे चमचे. हात आखडला तर तवंग येणार नाही.

इथे खोबऱ्याचा तुकडा थेट आचेवर धरून भाजतात, रंग खजुरासारखा गडद पण काळा नाही. कांदा दोन तऱ्हेने : अख्खा आचेवर भाजून जळकी साल काढून, किंवा उभा पातळ चिरून एक चमचा तेलावर १२-१५ मिनिटं तपकिरी होईपर्यंत परतून. अर्धवट परतलेला कांदा वाटला की उग्र, किंचित कडवट लागतो, आणि त्यातलं पाणी पुढे फोडणीत तडतडत राहून तेल सुटू देत नाही. घाई करायचीच असेल तर ती दुसरीकडे कुठेतरी करा.

तिखटाबद्दल एक गोष्ट. रंग ब्याडगीचा आणि झणका संकेश्वरी किंवा लवंगीचा, असं मिश्रण आमटीला शोभतं. नुसत्या जहाल तिखटाने आमटी लाल होण्याआधीच खाण्याच्या पलीकडे जाते.

फोडणी ते उकळी

पातेलं जाड बुडाचं आणि ऐसपैस घ्या, निदान तीन लिटरचं. कट दुधासारखा उतू जातो. पितळेचं असेल तर कल्हई शाबूत आहे ना ते पाहा. लोखंडी कढईत चिंचेची आमटी काळपट होते आणि लोखंडाची चव धरते.

कट दुसऱ्या गॅसवर गरम करत ठेवा. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की मेथी, लवंगा, दालचिनी, तमालपत्र, मग हिंग आणि शेवटी कढीलिंब. मेथी लालसर होताक्षणी पुढची पायरी. काळी मेथी अख्ख्या पातेल्याला कडू करते. आता आच बारीक करून आधी वाटण घाला आणि त्यावर हळद-तिखट. हा क्रम महत्त्वाचा आहे. तिखट नुसत्या तापल्या तेलात पडलं तर क्षणात करपतं. वाटणाच्या ओलाव्यात पडलं तर सावकाश तळलं जातं आणि त्याचा रंग तेलात उतरतो. तवंग लाल दिसतो तो या रंगानेच.

वाटण परतायला नैवेद्याच्या आमटीत पाच-सहा मिनिटं, कांद्याच्या वाटणाला दहा. आधी ते फसफसतं, पाणी उडतं. मग आवाज खाली येतो, वाटण गोळा होऊ लागतं, कडेने तेल सुटतं आणि कच्चा वास जाऊन खमंग वास येतो. तळाला लागतंय असं वाटलं तर चमचाभर कट शिंपडा. तेल सुटायच्या आत कट ओतण्याची चूक सर्वांत जास्त घरांत होते, आणि मग कितीही उकळलं तरी तवंग वर येत नाही.

नैवेद्याच्या आमटीत निम्मा गोडा मसाला या टप्प्याला घाला, निम्मा राखून ठेवा.

मग गरम कट, पहिल्यांदा दोन पळ्या. वाटण त्यात नीट मोडून घ्या, गुठळी राहू देऊ नका, मग उरलेला ओता. गार कट ओतला तर मसाला तळायचा थांबतो आणि उकळी यायला इतका वेळ लागतो की तवंगाचा जोर जातो. वर एक वाटी उकळतं पाणी. पहिली उकळी डोळ्यादेखत येऊ द्या. फेस चढू लागला की आच कमी करा आणि झाकण न ठेवता मंद उकळत ठेवा.

पाच मिनिटांनी चिंचेचा कोळ आणि मीठ. आणखी पाच मिनिटांनी गूळ. चिंचेला उकळायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर तिचा कच्चा आंबटपणा दातांना लागतो. जुनी काळी चिंच नव्या चिंचेपेक्षा जास्त आंबट निघते, तेव्हा ती असेल तर २५ ऐवजी १८-२० ग्रॅमच भिजवा. कोकणी हाताला आमसुलं जास्त जवळची. सहा-सात आमसुलं शेवटच्या दहा मिनिटांत पुरे, त्यांचा कोळ काढायची गरज नाही. परदेशात बाटलीतला घट्ट चिंचेचा अर्क मिळतो, तो फार तीव्र असतो : एका चमच्याने सुरुवात करा. तिथल्या दुकानात आणखी एक फसगत होते, हरभरा डाळ समजून पिवळ्या वाटाण्याची डाळ घरी येते. दिसते तशीच, पण तिचा कट पटकन घट्ट आणि पिठूळ होतो.

एकूण उकळणं १५ ते २० मिनिटं. दर दोन-तीन मिनिटांनी पळी तळापर्यंत घालून ढवळा, साका बुडाला बसतो आणि लागतो. लागल्याचा वास आलाच तर खरवडू नका. वरची आमटी हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात ओता आणि बुडाचं तिथेच सोडा. राखून ठेवलेला गोडा मसाला शेवटच्या पाच मिनिटांत. हा मसाला भाजूनच केलेला असतो, जास्त उकळला तर त्याचा दगडफूल-दालचिनीचा वास वाफेबरोबर निघून जातो.

पुरणाची कढई धुवू नका

जुन्या हाताच्या आमटीत एक गोलाई असते, ती गुळाच्या खड्याने येत नाही. पुरण काढून घेतल्यावर कढईला आणि पुरणयंत्राला जे लागून राहतं, त्यावर एक वाटी गरम कट किंवा पाणी ओतून, उलथन्याने सोडवून ते आमटीत घालतात. त्यातून गूळ, वाटली डाळ आणि वेलची-जायफळाचा पुसट वास एकदम येतो. कढई न धुण्यात काटकसर आहेच, पण चवही आहे. हे करणार असाल तर वरचा गूळ ३० वरून १५ ग्रॅमवर आणा, आणि फोडणीनंतरची पाण्याची वाटी वगळा. कढईला पुरण करपलं असेल तर मात्र हा मोह टाळा.

यासाठी वेळेचं गणित असं बसतं : कट गाळा, पुरण शिजवायला ठेवा, त्या वेळात वाटण करा, पुरण उतरलं की कढई सोडवून आमटी फोडणीला टाका. पोळ्या लाटायला बसण्याआधी आमटी तयार हवी. तासभर मुरल्यावर ती जास्त चांगली लागते, आणि पोळ्यांच्या वेळी दुसरा गॅस तुपासाठी किंवा भजी तळायला मोकळा राहतो.

दाटपणा आणि बिघाड

उतरवताना आमटी पळीवाढीपेक्षा थोडी पातळच दिसली पाहिजे. कटातला पिठूळ भाग निवताना घट्ट होतो. गॅसवर हवी तेवढी दाट दिसणारी आमटी ताटात भाजीसारखी बसते.

पांचट झाली तर दोन मोठे चमचे पुरण किंवा वाटलेली डाळ थोड्या आमटीत कालवून घाला आणि पाच मिनिटं उकळा. कच्चं बेसन लावू नका, आमटीचं पिठलं होतं. आमटी मिळून येत नसेल, म्हणजे वर पाणी आणि खाली साका असं होत असेल, तर वाटण जाडं राहिलं आहे किंवा उकळणं कमी पडलं आहे. पळीभर साका काढून मिक्सरमधून फिरवून परत घाला.

तवंग न येण्यामागे तीन कारणं असतात : तेल कमी, वाटण कच्चं, किंवा कट फार घट्ट. घट्ट कटात तेल अडकून राहतं, वर येत नाही. एक वाटी उकळतं पाणी घालून, न ढवळता दहा मिनिटं बारीक आचेवर ठेवलं की पुष्कळदा दिसू लागतं. वरून तिखटाची फोडणी ओतून तवंग आणता येतो, पण तो दिखाऊ, चव वाढत नाही.

खारट झाली की बटाटा टाकायचा सल्ला हमखास मिळतो. बटाटा मिठाचं पाणी पितो, पण मीठ वेगळं निवडून घेत नाही. आमटी थोडी कमी होते, खारटपणा तोच राहतो. त्यापेक्षा बिनमिठाचा कट किंवा गरम पाणी वाढवा आणि त्या प्रमाणात चिंच-गूळ सावरा. याच कारणासाठी दोन वाट्या कट शेवटपर्यंत राखून ठेवणारे शहाणे. आंबट झाली तरीही हाच उपाय. कडू झाली तर खोबरं, मेथी किंवा हिंग करपलेलं असतं आणि गुळाने ते झाकलं जात नाही, उलट कडू-गोड असं विचित्र काहीतरी होतं. कट राखून ठेवला असेल तर नवी फोडणी करा.

वाढताना पातेल्यातली आमटी खळखळती हवी. भातावर तुपाआधी, आणि वाटीत वेगळी, कुरडई मोडून घालायला. उरलेली दोन दिवस फ्रिजमध्ये टिकते. दुसऱ्या दिवशी ती गोठल्यासारखी दिसेल. अर्धी वाटी गरम पाणी घालून, तळापासून ढवळत पूर्ण उकळी काढा आणि मीठ त्यानंतरच बघा. ज्वारीची भाकरी कुस्करायची असेल तर पाणी थोडं जास्त घाला.